दोन पानांत बडोदं

काल दुपारी अर्ज पाठवला. दांडिया बाजारातल्या घरातून कुरिअरवाल्याकडे चालत गेले, पाकिटातले कागद तिथेच उभं राहून पुन्हा एकदा मोजले, पावती पर्समध्ये ठेवली आणि घरी येऊन गाढ झोपले.

जपान सरकारच्या जेट कार्यक्रमासाठी हा माझा दुसरा अर्ज. १९८७ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात परदेशी पदवीधरांना जपानमधल्या शाळांत इंग्रजीच्या शिक्षकांच्या जोडीला नेमतात. करार एका वर्षाचा, वाढवत नेला तर जास्तीत जास्त पाच वर्षांचा. गावाची पसंती कळवता येते, पण नेमतील तिथे जायचं. या कामासाठी जपानी यायलाच हवं असं नाही. शेजारच्या काकी मला विचारतात, ‘बुलेट ट्रेनमध्ये लागलीस का?’ मुंबई-अहमदाबाद मार्ग बडोद्यातून जातो आणि त्याला जपानचं कर्ज आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत जपान म्हटलं की बुलेट ट्रेनच.

बी.ए. झाल्यावर कितीतरी आठवडे मी दिसेल ती योजना वाचत बसले. आशियात वर्षभर काम करायला पाठवणाऱ्या ल्यूस स्कॉलर्स योजनेचं माहितीपत्रक आवडीने शेवटपर्यंत वाचलं, मग कळलं की ती अमेरिकेतल्या तरुणांसाठी आहे. कोरियातल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला भारतीयांना वाट आहे, ती २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे. पण त्यासाठी शिक्षकाची पात्रता लागते आणि माझं बी.एड. नाही. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीला संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो, आणि मला शिकवायचं होतं. माझ्यामागून कोणी या वाटेला जाणार असेल तर एवढंच सांगते: पैसे किती मिळतात ते नंतर बघा, पासपोर्ट कोणत्या देशाचा चालतो ते आधी.

सगळ्यात अवघड होतं ते दोन पानांचं निवेदन. तुम्हीच का, आणि तिथेच का, हे त्यात सांगायचं. गेल्या वर्षी मी साकुरा, शिस्त, स्वच्छता आणि वेळेवर येणाऱ्या गाड्या असं सगळं लिहिलं होतं. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. बाबांनी ती पानं नंतर वाचली आणि म्हणाले, ‘हे सुरतच्या मुलीनेही लिहिलं असतं गं. यात तू कुठे आहेस?’ मला फार लागलं ते. पण बरोबर होतं.

मग वर्षभर दोन कामं केली. संध्याकाळी पाचला आमच्या ओसरीवर गुजराती माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवू लागले, आणि स्वतः जपानी शिकले. डिसेंबरमध्ये पुण्याला आत्याकडे राहून जपानी भाषेची एन-फाइव्ह परीक्षा दिली. ही सगळ्यात खालची पायरी, तरी तिच्यामुळे डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘गाक्को नि इकिमासु’ म्हणजे ‘शाळेला जाते’. आधी शाळा, मग तिला चिकटलेला ‘ला’, क्रियापद शेवटी. थेट मराठीसारखं! आणि प्रश्न विचारायचा तर शेवटी ‘का’ लावायचं: ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’ आजीला हे इतकं आवडलं की मी चप्पल घातली की ती हेच विचारते.

माझ्या ओसरीवरची मुलं कुठे अडतात ते मला पाठ झालंय. गुजरातीत ‘ते’ पुरुषालाही चालतं आणि बाईलाही, म्हणून मुलं आईला ‘ही’ म्हणतात आणि मामाला ‘शी’. घरी मराठी बोलणाऱ्या एका मुलीची अडचण वेगळीच. तिला ‘ही’ म्हटलं की बाईच डोळ्यांसमोर येते! इंग्रजीतला ‘द’ कुठे लावायचा ते कोणालाच कळत नाही, कारण मराठी-गुजरातीत तो नाहीच. जपानीतही नाही. म्हणजे तिथली मुलंही याच ठिकाणी अडणार, आणि मी स्वतः त्याच अडचणीतून आले आहे. मी घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलत वाढले. बडोद्यातल्या मराठी घरात हे इतकं रोजचं आहे की त्याची किंमत करावी असं कधी सुचलंच नव्हतं. या वर्षीच्या निवेदनात मी हेच लिहिलं.

शेवटचा परिच्छेद मात्र जमेना. परत येऊन काय करणार? त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी कमाटीबागेत जायचे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार लिहून घेतला. ते १९१७ साली शब्द पाळायला आले, तर या शहरात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढल्यावर ते याच बागेत येऊन बसले होते. शाळेत आम्हाला शिष्यवृत्तीचं अभिमानाने सांगायचे, बागेचं मला खूप उशिरा कळलं. ते कळल्यापासून त्या झाडांखाली मला बडोद्याचा नुसता अभिमान वाटत नाही, लाजही वाटते. जपानमध्ये कोणीतरी अनोळखी माणूस मला घर भाड्याने देईल, यात माझं नशीब किती मोठं आहे, हेही त्या बागेतच कळलं.

माझ्याकडून कोणी करार लिहून घेतलेला नाही. मी आपणच लिहिलं, की परत येऊन गुजराती माध्यमाच्या शाळेतच शिकवेन, आणि जपानमधल्या मुलांच्या चुकांची वही बरोबर आणेन. तसं खरंच करायचं आहे.

मुलाखत आली तर दिल्ली. राजधानी रात्री इथून जाते. आता पाच वाजत आलेत, मुलं चपला काढतायत. आज पुन्हा ‘ही’ आणि ‘शी’.