भुसा भरलेले प्राणी मुलांना कशासाठी दाखवायचे?

दर मे महिन्यात मी इमारतीतल्या मुलांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्गविज्ञान विभागात घेऊन जाते, आणि दर वर्षी कोणीतरी विचारते की टीव्हीवर जिवंत वाघ धावताना दिसत असताना हे भुसा भरलेले प्राणी मुलांना कशासाठी दाखवायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पडद्यावर गवा आणि खार सारख्याच चौकटीत मावतात. काचेपलीकडच्या गव्यासमोर उभे राहिले की त्याचा खांदा बाबांच्या डोक्यापर्यंत पोहोचतो, हे मुलाला न सांगता कळते. शिवाय तो पळून जात नाही. कातडी खरी, शिंगे खरी, आत शरीराच्या घडणीचा साचा आणि डोळे मात्र काचेचे, एवढे एकदा समजावून दिले की मुले भीती किंवा कीव बाजूला ठेवून बारकाईने पाहू लागतात.

गेल्या वर्षी सात वर्षांचा एक मुलगा रोहित पक्ष्यांच्या देखाव्यापुढे थबकला आणि ‘याची चोच मोडली आहे’ असे हळहळून म्हणाला. ठाण्याच्या खाडीवर त्याने रोहित पाहिले होते, पण दुरून, गुलाबी रेघेसारखे. मी त्याला कमरेत वाकून डोके उलटे करायला सांगितले. तो तसा वाकला, तसाच राहून पुन्हा चोचीकडे पाहू लागला आणि ओरडला, ‘आता सरळ दिसते!’ रोहित डोके उलटे धरून चिखलपाणी चोचीतून गाळतो, आणि ते वाकडे वळण त्यासाठीच असते. तिथून तो धनेश पक्ष्याकडे गेला आणि त्याच्या डोळ्यावरच्या पापण्यांचे केस मोजत बसला. ते केस नसून रूपांतर झालेली पिसे असतात, हे मलाही मोठेपणीच कळले.

याच विभागात १९२६ साली पक्षीतज्ज्ञ सलीम अली मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून रुजू झाले होते. लहानपणी त्यांनी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथे संस्थेचे सचिव मिलार्ड साहेबांनी त्यांना कपाटांतले पक्षी उघडून दाखवले. त्यांच्या पक्षीवेडाची सुरुवात अशा निश्चल पक्ष्यांपासून झाली, हे मला फार मोलाचे वाटते.

असे संग्रह पुढे कशाच्या उपयोगी पडतील, हे जमवणाऱ्यालाही ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांतील अंड्यांची नव्या अंड्यांशी तुलना करून १९६७ साली दाखवून दिले की, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत गेली होती, आणि त्यामागे डीडीटी हे कीटकनाशक असल्याचे पुढे सिद्ध झाले. अंडी कुठली आणि कोणत्या वर्षीची, याची नोंद कोणीतरी नेटकेपणाने करून ठेवली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

तेव्हा मुलांना अवश्य न्या, पण एका सकाळी सगळे मजले उरकू नका. रांगेने आत येऊन दहा मिनिटांत बाहेर पडणारी शाळेची सहल पाहिली की मला वाईट वाटते, कारण त्या मुलांच्या वाट्याला केवळ पुढच्याची पाठ येते. प्रत्येकाला एकच प्राणी निवडू द्या, कोरा कागद आणि पेन्सिल द्या, आणि तो म्हणेल तेवढा वेळ तुम्हीही त्याच्याजवळ थांबा.