पट्टी आपोआप वर येती

नेकनूरचे गुरुजी तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा गॅरेजसमोर थांबले, तेव्हाच मी ओळखलं की आज आपलं काही खरं नाही. उतरले, डिकीतून गोडेतेलाचा अर्धा कापलेला डबा काढला अन् माझ्यापुढं ठेवला. तळाला बोटभर काळं ऑइल.

"आठ दिवसांचं आहे हे. तू सील टाकलं म्हणालास ना?"

मे महिना, बीडचं ऊन, पत्र्याचं शेड. घाम आधीच निघालेला होता.

गाडी मारुती ८००. १९८३ साली आलेली ही गाडी २०१४ च्या जानेवारीत बनायची बंद झाली, तरी आमच्याकडं वस्त्या-तांड्यांवर अजून पळायली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, डोळे झाकून खोलावं इतका हात बसलेला. हात बसला की कान बंद होतात, हे त्या दिवशी कळलं.

एप्रिलमध्ये गुरुजींची तक्रार अशी होती, की खाली ऑइल गळतंय आणि मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन नुसतं ओरडतं, गाडी रेटत नाही. गिअर बॉक्स अन् इंजिनच्या जोडातून ऑइल ठिबकत होतं, म्हणजे क्रँकचं (इंजिनच्या फिरत्या दांड्याचं) मागचं सील, ऑइल अडवणारं रबरी कडं, गेलं, अन् ऑइलनं क्लच प्लेट भिजली म्हणून ती घसरायली. निदान बरोबरच होतं. सील स्वस्त, पण तिथवर पोचायला दोन्ही एक्सल, म्हणजे चाकांकडं जाणारे दांडे, काढा, गिअर बॉक्स उतरवा, मग क्लच, मग फ्लायव्हील. आख्खा दिवस जातो. मी सगळं नीट केलं होतं. जुनं सील काढताना क्रँकला स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा येऊ दिला नाही. सीलच्या ओठामुळं, म्हणजे क्रँकला घासणाऱ्या आतल्या कडेमुळं, क्रँकवर खाच पडली का, ते नखानं पाहिलं. नव्याच्या ओठाला ग्रीस लावलं, स्प्रिंगची बाजू ऑइलकडं ठेवली आणि लाकडी ठोकळ्यानं चारी बाजूंनी सारखं ठोकत बसवलं. कोरड्या ओठानं बसवलेलं सील पहिल्या फेऱ्यातच जळतं, हे मी माझ्या पोरांना रोज सांगतो.

तरी गळत होतं.

गुरुजींना खुर्ची दिली, चहा मागवला अन् परत गिअर बॉक्स उतरवला. सील पाहून चक्रावलोच. ओठ कोरा, रबर मऊ, स्प्रिंग जागेवर. पण खालच्या बाजूनं सील आपल्या घरातून दोन सूत बाहेर आलेलं, कुणी आतून लाथ घातल्यासारखं. तोच माल, तोच हात, इतर गाड्यांना काही झालं नव्हतं.

मी हातातलं सील फिरवत बसलो, तेवढ्यात गुरुजी खुर्चीतूनच म्हणाले, "अरे, ती ऑइल मोजायची पट्टी बघ की. आपोआप वर येती. मी रोज सकाळी दाबून बसवतो. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं, खरंच. मी "हो हो, बसवतो" म्हणून बॉनेट लावलं होतं.

इंजिन कितीही चांगलं असलं तरी पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणावरून, ब्रीदरचा पाईप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे हा गॅस सोडणारी झडप, असते. तो रस्ता तुंबला की गॅस पट्टीला वर ढकलतो, अन् जिथं कच्चं असेल तिथून ऑइल बाहेर काढतो. पाईप काढला तर आत काळा लगदा, काकवीसारखा. व्हॉल्व्ह कानाशी हलवला. आतला तुकडा खडखड वाजायला पाहिजे, हा मुका.

"गुरुजी, ऑइल कधी बदललं होतं?"

"बदलायचं कशाला? गळतंय म्हणून दर पंधरवड्याला नवं टाकतोच की."

यावर काय बोलणार! जुनं कधी निघालंच नव्हतं. त्यात गाडी रोज घर ते शेत एवढीच, दोन-अडीच किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद. आतला ओलावा उडत नाही, ऑइलमध्ये मिसळून त्याचा चिखल होतो.

पाईप रॉकेलनं धुतले, व्हॉल्व्ह नवा टाकला, सील नवं, ऑइल अन् फिल्टर नवा, क्लच प्लेट पुन्हा नवी. प्लेटचे पैसे माझ्या खिशातून. मग इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायच्या तोंडावर पॉलिथिनची पिशवी धरली. फुगली असती तर रिंगा गेल्या म्हणायच्या आणि मोठं काम निघालं असतं. पिशवी हळूच आत ओढली गेली. पोरगं ओरडलं, "वस्ताद, ओढायली!"

मजुरी घेतली नाही. गुरुजींनी आग्रह केला, मी हात जोडले.

महिन्यानं ते तोच डबा घेऊन आले. पट्टी जागेवर, डब्यात मात्र चार-पाच थेंब. बोटाला लावून वास घेतला. उग्र, गंधकासारखा. इंजिनचं नव्हे, गिअर बॉक्सचं ऑइल. एक्सलचं सील. दोनदा एक्सल ओढून परत घालताना त्याच्या दात्यांनी ओठाला चीर दिलेली, अन् एक्सल ओढणारा मीच.

"बसा गुरुजी," म्हणालो आणि पोराला जॅक आणायला लावला.