छोटी कुपी

मे महिन्यातल्या एका सोमवारी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून, लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत एक अख्खा स्तन आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आला. पेशंट निंदणाला जाणारी, शेहेचाळीस वर्षांची बाई. ऑपरेशन शनिवारी दुपारी झालेलं. बरणी घेऊन भाचा आला होता. "डॉक्टरसायबानं सांगतलं का सांडू देजो नोको, म्हनून यष्टीत मांडीवरच धरून आनली जी." त्याने त्याचं काम चोख केलं होतं. ज्यांनी बरणी भरली, त्यांनी केलं नव्हतं.

टिश्यू ठासून भरलेला आणि वर जेमतेम बोटभर फॉर्मॅलिन, म्हणजे टिश्यू विरू न देता टिकवणारं द्रावण. खरं तर टिश्यूच्या किमान दहापट हवं. शिवाय नमुना मोठा असेल तर शरीराबाहेर काढल्यावर तासाभरात त्याला गाठीपर्यंत चिरा द्यायच्या, दर सेंटिमीटरला एक, आणि मध्ये गॉज सारायचा. फॉर्मॅलिन ताशी साधारण एक मिलिमीटर आत शिरतं, खोल जाईल तसा वेग मंदावतो आणि स्तनातली चरबी त्याला आणखी अडवते. इथे एकही चीर नव्हती. सुरी घातली तर बाहेरची कड राखाडी, घट्ट. आणि आत सात सेंटिमीटरच्या गाठीचा गाभा गुलाबी, बुळबुळीत, पात्याला चिकटणारा. त्या उन्हाळ्यात दोन दिवस तो स्वतःच्याच एन्झाइमांनी विरत होता.

सोबत एक छोटी कुपी होती. काखेत हाताला लागलेली एक गाठ (लसिकाग्रंथी) सर्जनने वेगळी टाकलेली, सव्वा सेंटिमीटरची, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये. नमुना कापून तपासताना मी तिच्याकडे फारसं लक्षही दिलं नाही.

साध्या स्लाइडवर कर्करोग उघड होता. आता प्रश्न ईआर, पीआर आणि हर-टूचा. पहिले दोन संप्रेरकांचे रिसेप्टर, तिसरा वाढीचा निरोप घेणारा. ते पेशीत असले तर अँटिबॉडी लावून स्लाइडवर तपकिरी रंगतात. हर-टूचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या प्रती वाढल्या की पेशीच्या आवरणावर हर-टू रिसेप्टरची दाटी होते आणि पेशीला वाढीचा निरोप सारखा मिळत राहतो. ट्रास्टुझुमॅब त्याच रिसेप्टरचा बाहेरचा भाग पकडतं. हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झालं. त्याआधी हर-टूवाली गाठ म्हणजे झपाट्याने पसरणारी, वाईट गाठ एवढंच आम्ही सांगू शकत होतो. पण रिसेप्टर स्लाइडवर दिसलाच नाही, तर हे औषध त्या बाईला कोणी देणार नाही.

तीनही स्लाइड कोऱ्या आल्या. ज्युनिअरने 'ट्रिपल निगेटिव्ह', म्हणजे तिन्ही नाहीत, असा रिपोर्ट टाइप करून सहीला ठेवला. कंट्रोल, म्हणजे सोबत रंगवलेला हमखास पॉझिटिव्ह तुकडा, बरोबर रंगला होता, म्हणून त्याला शंका आली नाही. पण कंट्रोलचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये नीट फिक्स झालेला, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये पुरता मुरलेला असतो. अँटिबॉडी आणि रंग चालले, एवढंच तो सांगतो. बरणीतल्या टिश्यूचं काय झालं हे त्याला ठाऊक नसतं. ते सांगते त्याच स्लाइडवरची निरोगी दुग्धनलिका. तिच्यातल्या काही पेशींची केंद्रकं तरी ईआरला तपकिरी व्हायलाच हवीत. मी ती नलिका शोधली. एका कोपऱ्यात होती, आणि पूर्ण निळी. एकही तपकिरी ठिपका नाही. म्हणजे गाठ निगेटिव्ह नव्हती. तपासणीच झाली नव्हती.

तेव्हा कुपी आठवली. तेच फॉर्मॅलिन, तेच पंचेचाळीस तास. फिक्स होण्याच्या ६ ते ७२ तासांच्या मर्यादेत बसणारे. फरक फक्त जाडीचा आणि फॉर्मॅलिनच्या मापाचा. त्या गाठीत कर्करोग पसरलेला होताच. चार मायक्रॉनचे नवे काप घेतले, पुन्हा रंगवले. ईआर तिथेही आला नाही. हर-टू मात्र जवळपास प्रत्येक पेशीभोवती गडद, सलग, जाळीच्या कुंपणासारखा. दहा टक्क्यांहून जास्त पेशींत असं पूर्ण कडं दिसलं की थ्री प्लस, म्हणजे पक्कं पॉझिटिव्ह. फिशची, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या चाचणीची, गरज नाही.

आता ती दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनला येते. पहिला डोस किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढचे ६, एकूण वर्षभर. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून मध्ये मध्ये इको. तिची मजुरी बुडते, पण ती येते.

त्या गावाला आम्ही आता भरलेले डबे पाठवतो, रुंद तोंडाचे. एका लिटरला १०० मिली कडक फॉर्मॅलिन, ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, ६.५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. हे क्षार वगळून नळाच्या पाण्यात कालवलेलं फॉर्मॅलिन ठेवून ठेवून आम्ल होतं, आणि रक्त असेल तिथे काळपट कण बसतात. फॉर्मवर 'काढल्याची वेळ' आणि 'फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ' असे दोन रकाने छापले. पहिला भरून येतो. दुसरा बहुतेक वेळा कोराच असतो, आणि मला त्याचा संताप येतो, कारण तो भरायला दोन सेकंद लागतात.

त्याच ठिकाणाहून आलेले, मीच सही केलेले जुने ट्रिपल निगेटिव्ह रिपोर्ट काढून बसले आहे. चार जणींचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले टिश्यूचे तुकडे, सापडले. दोघींच्या स्लाइडवर निरोगी नलिका आहे, आणि ती निळी आहे. त्यांच्या फॉर्मवर फोन नंबर नाही, फक्त गावाचं नाव आहे.