नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य आणि टँकभर डायनो : कोरल कसे वाचले (माझा अनुभव)

खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकचं टेस्ट किट सगळं छान सांगतंय, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, पाणी आरपार दिसतंय, आणि तरी झोआ (बटणासारखे छोटे मऊ कोरल) उघडत नाहीत आणि वाळूवर तपकिरी शेंबडासारखं काहीतरी पसरत चाललंय, असं ज्यांच्याकडे चालू असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्याकडे हे सगळं होऊन गेलंय, त्यामागे डायनो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट्स हे एकपेशीय सूक्ष्मजीव होते, टँक आता मस्त आहे, पण मधले काही महिने फार जीव टांगणीला लागला होता.

आधी टँकबद्दल थोडं. मी पुण्यात राहते, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण १८० लिटर पाणी आहे, आणि कोरल फक्त सॉफ्टवाले. झोआ, मश्रूम आणि एक टोडस्टूल लेदर, जो माझा सगळ्यात लाडका. हार्ड कोरल ठेवलेले नाहीत कारण आपल्याकडे सगळे दगडी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहेत, सी फॅनसुद्धा त्यातच, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. आणि ते बरोबरच आहे असं माझं ठाम मत आहे, मालवणच्या समुद्रात जे कोरल उरलेत ते तिथेच राहूदेत. समुद्रातून उचललेला लाइव्ह रॉक (जिवंत जीव असलेला खडक) कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, त्यावर हार्ड कोरलचे तुकडे असतातच.

तर लाइव्ह रॉक नाही म्हणजे ड्राय रॉकवर (कोरड्या, निर्जीव खडकावर) टँक सुरू करायचा, मीही तसाच केला. ड्राय रॉकची गंमत अशी की तो अगदी कोरा असतो. ना त्यात वेगवेगळे बॅक्टेरिया, ना कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), ना काही. बाटलीतले बॅक्टेरिया टाकून सायकल होतो (म्हणजे बॅक्टेरिया अमोनिया पचवायला लागतात), अमोनिया शून्यावर येतो, पण खडकावरची बाकीची जागा रिकामीच राहते. वर हा अरॅगोनाइटचा (चुन्याच्या जातीचा) खडक पाण्यातलं फॉस्फेट स्वतःकडे ओढून धरतो. त्यात भर म्हणून चांगला स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), मोजके मासे, हात राखून खायला घालणं, आणि सगळीकडून एकच सल्ला की न्यूट्रिएंट (म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट) कमी ठेवा. मग काय, दोन्ही आकडे शून्यावर गेले आणि तिथेच बसले.

पहिल्यांदा वाळूवर हलका तपकिरी थर दिसला तेव्हा डायटम (तपकिरी सूक्ष्म शेवाळ) असतील असं सगळे म्हणाले, नवीन टँकला येतातच. पण हा थर वेगळा वागत होता. सकाळी लाइट लागायच्या आधी वाळू जवळजवळ स्वच्छ, दुपारपर्यंत खडकाच्या टोकांवरून लांब तंतू लोंबायला लागायचे आणि प्रत्येक तंतूच्या टोकाला हवेचा बारीक बुडबुडा अडकलेला, रात्री लाइट गेली की परत सगळं विरळ. पंपाने उडवलं तर उडायचं पण दुसऱ्या दिवशी तितकंच. आई रोज विचारायची, अगं पाणी सडलंय का हे, वास तर येत नाही. वास खरंच नव्हता. मग गोगलगायी काचेवरून सुटून खाली पडायला लागल्या, काही मेल्याच. झोआ घट्ट मिटलेले. टोडस्टूल मधूनमधून तसाही मिटतो, अंगावर मेणचट पापुद्रा येतो, तो सुटला की परत फुलतो, ते नॉर्मल आहे, पण या वेळी पापुद्रा सुटला तरी पॉलिप (फुलासारखी छोटी तोंडं) बाहेर आलेच नाहीत.

दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं की पाणी बदल आणि फॉस्फेट रिमूव्हर वाढव. पण फॉस्फेट आधीच शून्य, अजून काय काढणार? ठाण्यात एक काका आहेत, खूप वर्षांपासून रीफ टँक ठेवतात, त्यांना फोटो पाठवले, त्यांनी लगेच फोन करून सांगितलं, "पाणी बदलू नकोस, आधी ते काय आहे ते बघ. डायनो वाटतायत."

ओळखायची एक घरगुती टेस्ट त्यांनीच सांगितली. थोडा तो चिकट माल टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्यायचा, जोरात हलवायचा म्हणजे सगळं सुटं होतं, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळायचं आणि गाळलेलं पाणी लाइटखाली ठेवायचं. तासाभरात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात परत तंतू जमले तर डायनोफ्लॅजेलेट्स, कारण त्यांच्या पेशी सुट्या होऊन फिल्टरमधून जातात आणि परत एकत्र येतात. माझ्या बाटलीत जमले.

पण नुसतं डायनो आहे एवढं कळून भागत नाही, कुठला आहे ते कळायला हवं कारण उपाय त्यावर ठरतो. माझी बहीण ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, तिच्या लॅबमध्ये एक थेंब स्लाइडवर घेतला आणि ४०० पटीवर बघितलं. मी ते दृश्य विसरू शकत नाही. एका बाजूला निमुळत्या, थेंबाच्या आकाराच्या पिवळट तपकिरी पेशी, आणि प्रत्येक पेशी स्वतःच्या टोकदार बाजूला अदृश्य दोरीने बांधल्यासारखी तिथल्या तिथे गरगर फिरतेय. मध्येच एखादी सुटून सरळ पोहत जायची आणि पुढे जाऊन परत गरगरायची. हा ऑस्ट्रिऑप्सिस. दुसरा एक नेहमी सापडणारा अॅम्फिडिनियम, तो लंबगोल असतो, पुढे छोटीशी चोच दिसते आणि तो गरगरत नाही, घसरत जातो. फरक महत्त्वाचा का, तर ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात येतो, म्हणून यूव्हीत (पाण्यातले जीव अतिनील प्रकाशाने मारणाऱ्या दिव्यात) सापडतो. मोठा अॅम्फिडिनियम वाळूतच बसून राहतो, त्याच्यावर यूव्हीचे पैसे वाया. तिथे लोक सिलिका टाकून मुद्दाम डायटम वाढवतात म्हणजे ते वाळूवरची जागा घेतात. हजारो रुपयांचं सामान घ्यायच्या आधी मायक्रोस्कोप बघा, कुठल्याही शाळा-कॉलेजचा चालेल.

एक गोष्ट सिरियसली घ्या. ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतो, गोगलगायी त्यानेच मरतात. इटलीत जिनोव्हाला २००५ च्या उन्हाळ्यात किनाऱ्याजवळ हाच वाढला होता आणि समुद्रावरच्या हवेने दोनशेच्या आसपास लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन डॉक्टरकडे जावं लागलं. त्याचं विष पॅलिटॉक्सिनच्या जातकुळीतलं आहे, आणि पॅलिटॉक्सिन म्हणजे आपल्या झोआंच्या भाऊबंदांमध्ये, पॅलिथोआत, सापडणारं तेच. त्यामुळे टँकमध्ये हात घालताना ग्लोव्ह घाला, आणि झोआ लागलेला दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका, वाफेतून विष जाऊन माणसं हॉस्पिटलमध्ये गेली आहेत.

आता शून्य आकडा वाईट का, हे मला जरा खोलात जाऊन वाचावं लागलं. कोरलच्या अंगात राहणारी झूझॅन्थेली, जी प्रकाशावर साखर बनवून कोरलला पोसते, ती पण डायनोफ्लॅजेलेटच. म्हणजे कोरलचा जोडीदार आणि टँकचा शत्रू एकाच घराण्यातले. त्या झूझॅन्थेलीला नायट्रोजन पाहिजे आणि फॉस्फरस पण पाहिजे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन युनिव्हर्सिटीच्या टीमने २०१३ मध्ये दाखवलं की नायट्रोजन असून फॉस्फेटची उपासमार झाली तर कोरल उष्णतेने आणि जास्त प्रकाशाने लवकर ब्लीच होतात (झूझॅन्थेली गमावून पांढरे पडतात). आणि टँकमध्ये दोन्ही शून्य झालं की साधं हिरवं शेवाळ, डायटम, चांगले बॅक्टेरिया हे सगळे उपाशी मरतात, रिकाम्या जागेवर डायनो बसतो कारण तो इतर पेशी आणि बॅक्टेरिया खाऊनही जगू शकतो. पाणी बदललं की पण बहुतेकांकडे डायनो वाढतातच, म्हणून काकांनी आधी तेच थांबवायला लावलं.

म्हणजे करायचं काय, तर टँकला खत घालायचं! नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट आणि फॉस्फेटसाठी मोनो पोटॅशियम फॉस्फेट. माझे मामा निफाडला द्राक्षं करतात, त्यांना फोनवर नावं सांगितली तर म्हणाले, "अगं हे तर तेरा शून्य पंचेचाळीस आणि शून्य बावन्न चौतीस, आम्ही ड्रिपमधून सोडतो, पोतंभर देऊ का?" खरंच तेच क्षार आहेत. फक्त शेतीच्या ग्रेडमध्ये बाकी काय असेल त्याची खात्री नाही म्हणून मी लॅब केमिकलच्या दुकानातून एआर (लॅबसाठीच्या शुद्ध) ग्रेडची छोटी बाटली घेतली, आयुष्यभर पुरेल. पोटॅशियम नायट्रेट मात्र विस्तवापासून आणि मुलांपासून लांब ठेवा.

हिशोब सोपा आहे. १०० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आरओ पाण्यात विरघळवून एक लिटर केलं की त्याचे ३ मिली माझ्या १८० लिटरमध्ये नायट्रेट साधारण १ पीपीएमने (दहा लाखात एक भाग) वाढवतात. मोनो पोटॅशियम फॉस्फेट फक्त १० ग्रॅम एक लिटरला, त्याचा १ मिली म्हणजे फॉस्फेट साधारण ०.०४ पीपीएम वर. पोटॅशियम वाढेल का ही शंका मला पण होती, पण समुद्राच्या पाण्यात ते मुळातच ४०० पीपीएमच्या आसपास असतं, १० पीपीएम नायट्रेट चढवताना त्यात जेमतेम ६ ची भर पडते. टार्गेट ठेवलं नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१.

नायट्रेट पटकन चढलं. फॉस्फेटने मात्र पेशन्सची परीक्षा बघितली, संध्याकाळी टाकायचं, सकाळी चेकरवर (मोजायच्या यंत्रावर) परत शून्य, कारण खडक पिऊन टाकतो. त्याचं पोट भरेपर्यंत रोज टाकत राहणं एवढंच हातात असतं. मी हॅनाचा फॉस्फेट चेकर वापरते, त्यात ±०.०२ चा फरक धरलेला असतो, म्हणून ०.०२ दिसलं तरी ते शून्यच समजायचं. थेंब टाकून रंग जुळवायच्या किटवर हे काम होत नाही, इतक्या खालचा रंग डोळ्यांना कळतच नाही.

यूव्ही १८ वॉटचा लावला, आणि सम्पमध्ये नाही, थेट वरच्या टँकमधून पाणी घेऊन परत तिथेच सोडणारा, छोटा पंप लावून फ्लो कमी ठेवून. रात्री पाण्यात आलेला डायनो त्यातून गेला पाहिजे, सम्पच्या वाटेने पुरेसा जातच नाही. त्याच सुमाराला तीन दिवस पूर्ण ब्लॅकआउट, टँकला चारी बाजूंनी पुठ्ठा आणि वरून जाड चादर. सॉफ्ट कोरलना तीन दिवसांनी काही होत नाही. विषासाठी चांगला अॅक्टिव्हेटेड कार्बन, आणि तो वेळेवर बदलायचा, कारण मेलेल्या डायनोतून विष एकदम पाण्यात येतं. लाइट परत लावली ती पांढरा चॅनल अगदी कमी ठेवून, बहुतेक निळाच.

आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते तेव्हा यूव्ही बंद पडतो, ते चालतं, पण वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) इन्व्हर्टरवर ठेवाच. कोरलला अंधार सहन होतो, साचलेलं पाणी नाही. मे महिन्यात आपल्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा मारला तरी तापमान दोन-तीन डिग्री उतरतं, फक्त बाष्पीभवन वाढतं म्हणून गोड्या आरओ पाण्याचा ऑटो टॉप-अप पाहिजे.

आणि माझ्या मते ज्याने खरा फरक पडला ते म्हणजे काकांच्या सम्पमधला खडकाचा चुरा आणि स्पंजचा तुकडा. ठाण्याहून ट्रेनने डब्यात घालून आणला, त्यात कोपेपॉड, बारीक किडे, काय काय होतं, रात्री टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसायचे. कोऱ्या खडकाला हेच हवं होतं. बाटल्यांवर खूप पैसे जातात, एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधली मूठभर घाण त्यापेक्षा जास्त काम करते.

सुधारणा हळूहळू आली आणि मागेपुढे होत आली. आधी तंतूंची लांबी कमी झाली, मग बुडबुडे गेले, मग वाळू दुपारी पण पांढरी दिसायला लागली. झोआ आधी कडेचे उघडले. काचेवर हिरवा थर धरला तेव्हा मी काकांना आनंदाने फोटो पाठवला, कारण हिरवं आलं म्हणजे डायनोची जागा गेली. खडकावर थोडं केसाळ शेवाळ पण आलं, ते हाताने उपटते, नवीन गोगलगायी आणल्या त्या खातात, कोणी मेलं नाही. टोडस्टूलने सगळ्यात जास्त वेळ घेतला. आता त्याचे पॉलिप इतके लांब येतात की शेजारच्या मश्रूमवर सावली पडते म्हणून मश्रूमचा दगड हलवावा लागला.

आता दर रविवारी नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) तपासते, अल्कलिनिटी ८ ते ९ dKH मध्येच ठेवते, फॉस्फेट ०.०३ च्या खाली दिसलं की त्याच दिवशी डोस, आणि मासे आता पोटभर खातात. पाणी बदलते पण थोडं थोडं, आकडे बघून. यूव्ही अजून लावलेलाच आहे, काढायची घाई नाही.

माझ्या सम्पमध्ये आता कोपेपॉड भरपूर झालेत. पुण्यात कोणी ड्राय रॉकवर नवीन टँक लावत असेल तर डबा घेऊन या, चुरा आणि स्पंज देईन, पैसे नकोत. फक्त आणताना डब्यात हवा राहू द्या आणि डबा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका.