रिकामी कुंडी

इमारतीला रंग द्यायचा आहे, त्याची नोटीस लिफ्टमध्ये लागली आहे. ‘सभासदांनी बाल्कनीतील रिकाम्या कुंड्या, भंगार व अडगळ त्वरित हलवावी.’ दुपारी दूध घेऊन वर येताना ती वाचली आणि पाचव्या मजल्यापर्यंत एकाच विचारात होते, की कठड्याखालची आमची मे फ्लॉवरची कुंडी यातल्या नेमकी कशात मोडते? जानेवारी चालू आहे. पानं कधीच वाळून गेली. वर नुसती भेगाळलेली माती, आणि शेजारच्या पोराने खोचलेली आइस्क्रीमची काडी. बघणारा रिकामीच म्हणणार. आमचे सेक्रेटरी तर म्हणतीलच.

वाईला आजीकडे ओसरीच्या पायरीशी मे फ्लॉवरचा एक डबा असायचा. डालड्याचा, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला. दिवाळीनंतर त्यात काही म्हणजे काही नसे, पण झाडताना तो उचलायचा आणि परत तिथेच ठेवायचा, असा दंडक होता. पाणी मात्र घालायचं नाही. एका हिवाळ्यात मामाने त्यात धने पेरले. जागा वाया जाते, निदान कोथिंबीर तरी होईल, असा त्याचा हिशोब. आजीने संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पायरीवर बसून एकेक धना वेचून काढला आणि त्याला म्हणाली, ‘‘अरे, माणूस निजलंय खाली. त्याच्या अंगावर चूल मांडशील का?’’ पुढे कितीतरी वर्षं मामा परसात कुदळ मारायच्या आधी मोठ्याने विचारायचा, ‘‘आई, इथं कुणी निजलंय का?’’ आजी हसायची नाही. ‘‘तिथं नाही, मार,’’ म्हणायची.

असं पानं वाळली की मातीखाली कंद होऊन निजणाऱ्यांमधलं माझं सगळ्यात लाडकं फूल मी फोटोंतच पाहिलंय. ते आहे चिलीचं, सांतियागोच्या आसपासच्या अँडीजमधलं, दोन-तीन हजार मीटर उंचीवरच्या उतारांवरचं. टेकोफिलिया सायानोक्रोकस. नाव अंगापेक्षा मोठं, कारण सगळं झाड मिळून चार-पाच बोटं उंच. अरुंद अशी दोन-तीन पानं, मातीखाली जाळीदार सालीत गुंडाळलेला सुपारीएवढा कंद, आणि ते निळं. या निळ्याबद्दल काय सांगावं! आपल्या गोकर्णीचा निळा जांभळ्याकडे झुकतो, कृष्णकमळाचा तर नावापुरताच. हा झुकत नाही. फोटो पाहिला की आधी वाटतं, कुणीतरी कॉम्प्युटरवर रंग वाढवलाय.

बागवाले त्याला निळा क्रोकस म्हणतात, पण क्रोकसशी, म्हणजे आपल्या केशराशी, त्याचं नातं नाही. केशर आयरिसच्या कुळातलं. केशराच्या फुलात पुंकेसर तीन, याच्यात सहा, आणि त्या सहांतही तीनच पराग देणारे. बाकीचे तीन वांझ, नुसते उभे. प्रत्येक कार्यालयात असतात.

थंडीत वर बर्फ असतं. ते वितळलं की फूल येतं, तिकडचा वसंत म्हणजे आपला सप्टेंबर-ऑक्टोबर. मग लांबलचक कोरडा उन्हाळा. पानं वाळतात, कंद निजतो, डोंगर वरून उघडा दिसतो.

सांतियागोत स्थायिक झालेल्या फ्रीडरिख लायबोल्ड या जर्मन औषधविक्याने १८६२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि युरोपातल्या हौशी मंडळींचा जीव त्या निळ्यावर जडला. जीव जडला म्हणजे डोंगर खणले गेले. कंद निघाले, जहाजांत चढले. उरलेल्यावर गुरं चरली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते कुणाला सापडेना, आणि रानातून नाहीसं झालं असं धरून चालले सगळे. तिकडे इंग्लंडात, क्यूच्या वनस्पती-उद्यानात आणि कुणाकुणाच्या काचघरात, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये बिनबोभाट फुलत होतं. ज्यांच्या हौसेपायी डोंगरावरून गेलं, त्यांच्याच कुंड्यांत राहिलं. आता या लोकांना शिव्या द्यायच्या की शाल-श्रीफळ? मी दोन्ही करून पाहते, मनातल्या मनात. कुठलंच पुरं होत नाही.

मग २००१ साली सांतियागोच्या दक्षिणेला ते रानातच सापडलं. चांगलं जोमदार. ही बातमी मामाला सांगायला हवी होती.

नावामागची बाई मला त्याहून जवळची वाटते. इटलीतल्या पिएमोन्तेचा कार्लो बेर्तेरो चिलीत झाडं गोळा करत हिंडला. तिथून वाळवलेले नमुने तोरिनोला लुइजी कोल्लांकडे गेले. कोल्ला पेशाने वकील, जीव वनस्पतींत. आपण शिकरणात जे केळं कुस्करतो, त्याच्या दोन्ही रानटी पूर्वजांना १८२० मध्ये शास्त्रीय नावं दिली ती याच वकीलसाहेबांनी. त्यांच्या ग्रंथांसाठी झाडांची चित्रं काढायची त्यांची मुलगी, तेकोफिला. बेर्तेरो १८३१ मध्ये ताहितीहून चिलीला परत यायला निघाला आणि त्याचं जहाज पोचलंच नाही. पाच वर्षांनी, १८३६ मध्ये, कोल्लांनी त्याच्या संग्रहातल्या एका छोट्या कंदवर्गीय झाडासाठी नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या झाडांचं एक नवं घर, छापून जाहीर केली, टेकोफिलिया या नावाने. ते झाड निळ्याची जांभळट बहीण. निळं मागाहून त्याच घरात आलं.

वडिलांच्या पुस्तकात चित्रं काढणाऱ्या मुलींना फार तर प्रस्तावनेत एक ओळ मिळते, तीही ‘चि.’ लावून. हिच्या नावाने पुढे अख्खं कुळ ओळखलं जाऊ लागलं, टेकोफिलिएसी. रात्री दिव्याशी बसून, हजारो मैलांवरून आलेल्या वाळक्या काटकीवरून ती जिवंत झाड कसं असेल ते काढत असेल. की दिवसा काढायची, खिडकीपाशी? मला उगाचच रात्र दिसते.

आता हे कंद रोपवाटिकांत वाढवलेले मिळतात. महाग, पण डोंगर न खणता आलेले. आपल्याकडे जगायचे नाहीत. इकडे पाऊस कोसळतो तेव्हा यांची नेमकी निजायची, कोरडं राहायची वेळ, पुण्याच्या जुलैत आठवड्याभरात कुजतील. वर हिवाळ्यात कडक थंडी हवी, आणि आमची बाल्कनी पश्चिमेची. शिवाय एखादी गोष्ट आवडली की ती आपल्याच कुंडीत पाहिजे, हा हट्ट कुठवर नेतो ते वर लिहिलंच आहे. त्यामुळे मी मागवणार नाही. कुणी तिकडे असाल, थंड मुलखात, आणि तुमच्याकडे फुललं असेल, तर फोटो पाठवा. कंद नको. खरंच नको.

बरं, एखादा जास्तीचा असला तर कळवा.