नोंद चौदावी : आटलेली बारव आणि ५१२ वर्षांचा घोळ

आम्ही पाच जण मिळून बनवत असलेल्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या अंकाचे संवाद पूर्ण झाल्याचे मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले होते. ते विधान आज मागे घेत आहे. रविवारी परभणीच्या मित्राने तळेगढी या खेळातील गावाचा संपूर्ण भाग प्रथमच सलग खेळून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला : पाटलांच्या दप्तराप्रमाणे गावची बारव साडेपाचशे वर्षांपूर्वी आटली असेल, तर खेळातली म्हातारी गोदाक्का लहानपणी तिच्यातून घागरी कशा भरत होती?

दप्तराचा मजकूर नांदेडच्या सदस्याचा आणि आक्काचे संवाद लातूरच्या सदस्याचे. फायली वेगळ्या असल्यामुळे गिटने, म्हणजे सर्वांचे बदल एकत्र जुळवणाऱ्या प्रणालीने, दोन्ही विनातक्रार एकत्र केल्या. गिटला एकाच जागी बदललेल्या ओळींची टक्कर कळते, अर्थांची कळत नाही, हे ठाऊक असूनही आम्ही तिच्यावर निर्धास्त विसंबलो होतो.

दोन संध्याकाळी खर्च करून मी खेळातील प्रत्येक सनावळी एका तक्त्यात उतरवली, तेव्हा विसंगती जिथे जिथे होती तिथे फरक जवळपास एकच निघाला : ५१२. हा आकडा पुन्हा पुन्हा दिसू लागल्यावर निष्काळजीपणाची शंका फिटली. आपले जग काल्पनिक असले तरी कालगणना आपण इथलीच उसनी घेतली आहे. लातूरकरांनी शक धरला, तर नांदेडकरांनी आजोबांच्या निजामकाळातील जमिनीच्या कागदांवर असतो तसा फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, धरला. इसवी सन काढताना शकात ७८ आणि फसलीत सुमारे ५९० मिळवावे लागतात. म्हणजे दोघांत ५१२ चे अंतर, वर्षारंभ निराळे असल्यामुळे एखादे वर्ष इकडेतिकडे. खेळातील वर्तमान शक १६०० आहे आणि दप्तरातील १०४८ हा फसली आहे, म्हणजेच शक १५६०. बारव आटून चाळीसच वर्षे झाली, तेव्हा आक्का तिशीत होती. चूक कोणाचीच नव्हती, आणि तरीही खेळ चुकला होता.

उपाय म्हणून सर्व सने शकात बदलणारी छोटी स्क्रिप्ट मी लिहूनही ठेवली होती. मात्र ही नोंद लिहिता लिहिता वाटू लागले आहे की दोन्ही गणना तशाच ठेवाव्यात : देवळाच्या शिलालेखावर शक, दप्तरात फसली, आणि पांदीच्या जमिनीचा वाद सोडवायचा तर ५१२ चे अंतर खेळाडूनेच शोधावे. त्यासाठी तक्त्यात प्रत्येक सनापुढे गणनेचा रकाना सक्तीचा करावा लागेल. स्क्रिप्ट आता बदल न करता केवळ तपासणी करील.

सन जुळले म्हणून जग भरीव होत नाही, ही खरी बोच आहे. बारव आटल्यावर गाव पाणी कुठून आणते, हे आपल्यापैकी एकानेही लिहिलेले नाही. मराठवाड्यात राहणाऱ्या पाच जणांकडून हे सुटावे, याला काय म्हणावे? नदीच्या वाळूत झिरे खोदले गेले असतील, झिऱ्यावर पहिला हक्क कोणाचा यावरून गढीत भांडण पेटले असेल, आणि आक्काला ते सारे आठवत असेल. तिचे संवाद आता तिथून सुरू होतील. विकत घेतलेल्या ग्रामीण चित्रसंचातील धुराड्यांची उतरती घरेही याच फेरीत काढून टाकतो. बर्फाळ मुलखातल्या त्या छपरांखाली झिऱ्याचे भांडण शोभणार नाही. पैसे वाया गेले ते गेले.

एक समाधान मात्र नोंदवतो. खेळ ज्यावर बनवतो त्या इंजिनच्या नव्या आवृत्तीत, गोडो ४ मध्ये, शिलालेखातील जोडाक्षरे अखेर नीट जुळली. गोडो ३ मध्ये ‘श्री’ देखील फुटत असे. रात्री उशिरापर्यंत मी तो दगड नुसता पाहत बसलो होतो.

येत्या रविवारी जमिनीच्या वादाची चाचणी अंबाजोगाईच्या सदस्याकडून घ्यायची आहे. परीक्षेमुळे महिनाभर ते आपल्यात नव्हते, त्यामुळे ५१२ चे गुपित त्यांना ठाऊक नाही. चाचणी होईपर्यंत ही नोंद कोणी त्यांना दाखवू नये.