वादळामुळे नव्हे

कॉलेजात, लग्नाकार्यात, एकदा तर एसटीत ओळख झालेल्या काकांनीही हेच विचारलं होतं: “निसर्ग वादळात तुमची वाडी गेली, म्हणून तू या हवामानबदलाच्या चळवळीत पडलीस ना?” हो म्हटलं की पुढचं सगळं टळतं, म्हणून बहुतेकदा मी हो म्हणून मोकळी होते. पण तुम्ही एवढं निवांत बसून विचारलंत म्हणून खरं ते सांगते.

वाडी गेली हे खरंच. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वारा पडल्यावर बाहेर आलो, तर सुपारीची झाडं कमरेत मोडून एकमेकींवर रेलली होती. सुपारी हाताशी यायला सहा-सात वर्षं लागतात, हिशोब तुम्हीच करा. पण तेव्हा माझ्या डोक्यात हवामानबदल वगैरे काही नव्हतं. कौलांवर ताडपत्री घालायची, जनरेटरवर फोन चार्ज करायला रांगेत उभं राहायचं, यातच महिना गेला.

चळवळीत पडले ती एका पीडीएफमुळे.

केंद्राने तेव्हा पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला होता. हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत. मसुदा इंग्रजी-हिंदीत. इतर भाषांत भाषांतर करा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला सांगितलं होतं, पण आमच्यापर्यंत मराठीत काही पोचलं नाही. मग विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपने पानं वाटून घेतली. मी मराठी मीडियमची, त्यामुळे माझ्या वाट्याला चार आली.

‘कार्योत्तर मंजुरी’ हा शब्द मी शासकीय कोशातून शोधून काढला आणि मोठ्या ऐटीत बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, “म्हणजे आधी बांधायचं, मग विचारायचं. आणि आपण गोठ्याला पत्रा टाकला तर ग्रामपंचायत नोटीस धाडते!” माझ्या भाषांतरात शेवटी बाबांचंच वाक्य गेलं, कोशातला शब्द कंसात. जनसुनावणीची नोटीस तीस दिवसांवरून वीसवर आणायची, असंही त्यात होतं. त्यावर आजी म्हणाली, “वीस दिवस तर आपल्याकडे लाइटच नसते.”

आता पुण्यात एलएल. बी. करते. फलक धरलेले माझे दोन फोटो आहेत, तेच सगळीकडे फिरतात. कामाचा फोटो निघण्यासारखा नाहीच. जनसुनावणी असेल त्या गावात आठवडाभर आधी जायचं आणि प्रकल्प अहवालाचा मराठी सारांश लोकांबरोबर ओळीने वाचायचा, एवढंच. याच विषयाच्या जुन्या, २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे हा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. सुनावणी संपताना इतिवृत्तही लोकांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. पण तोवर मांडवात खुर्च्याच उरतात, कारण लोकांना शेवटची गाडी गाठायची असते.

मागे एका कोळशाच्या प्रकल्पाचा सारांश हातात आला. मशीनने केलेलं भाषांतर असणार, कारण ‘प्लांट’चं सगळीकडे ‘वनस्पती’ झालं होतं. ‘वनस्पतीतून निघणारा धूर’, ‘वनस्पतीसाठी लागणारा कोळसा’. आम्ही देवळात बसून पोट धरून हसलो. एक आजोबा मात्र हसले नाहीत. सुनावणीत माइक हातात आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, “साहेब, आमच्या सात पिढ्या झाडं लावतायत. धूर सोडणारी वनस्पती कुठली, तेवढं सांगा. आणि हा कागद जर असा, तर आम्ही मत द्यायचं ते कशावर?”

टाळ्या पडल्या. साहेबही हसले.

संध्याकाळी इतिवृत्त वाचलं गेलं, तेव्हा आजोबांचा प्रश्न त्यात नव्हता. आम्ही अकरा जण उरलो होतो. उठून तो घालायला लावला, पुन्हा वाचून घेतला, मगच खाली सही झाली. आजोबांची गाडी मात्र चुकली. त्यांना मोटरसायकलवर घरी सोडेपर्यंत साडेनऊ वाजले.